टॉक, स्पीक, टेल, से : मुलांना फरक कसा समजवायचा?

मनीप्लांट (नौपाडा)
मुलगा पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. इंग्रजीच्या वहीत त्याने लिहिलं होतं 'माय आजी टॉक्ड मी अ स्टोरी' आणि त्याच्या खाली 'सर टॉक्ड मी दॅट टुमारो इज हॉलिडे'. बाईंनी दोन्ही ठिकाणी लाल रेघ मारून वर 'टोल्ड' लिहिलंय, का ते कुठेच नाही. आता हा मला विचारतो की आई, सर मला बोलले की उद्या सुट्टी आहे असं आपण म्हणतोच ना, आणि बोलणे म्हणजे टॉक, मग चुकलं काय? मला त्याचा प्रश्न एकदम रास्त वाटतो. त्याच्या छोट्या डिक्शनरीत टॉकपुढे बोलणे, स्पीकपुढे पण बोलणे, सेपुढे बोलणे-म्हणणे आणि टेलपुढे सांगणे-बोलणे असं आहे, त्यावरून पोराने काय समजायचं?

माझं मत असं की इथे अडचण इंग्रजीची नाहीये, मराठीतूनच नीट उलगडून दाखवलं तर मुलाला पटकन कळेल, कारण आपल्याकडे बोलणे, सांगणे, म्हणणे असे चांगले तीन वेगळे शब्द आहेत. तुम्ही घरी किंवा वर्गात कसं समजावता? टॉकचे बाकीचे उपयोगही सांगा, पण वाक्यात वापरून. याद्या त्याच्याकडे भरपूर आहेत.

जुनाठाणेकर
'सर मला बोलले' हे वाक्यच मुळात सदोष आहे. 'सर मला म्हणाले' किंवा 'सरांनी मला सांगितलं'. मराठी नीट झाली की इंग्रजी आपोआप नीट होईल.

खाडीकाठ
जुनाठाणेकर काका, सदोष कसं काय? मी बेलापूरच्या गावठाणातला, आमच्या घरात आजोबांपासून सगळे 'तो मला बोलला' असंच बोलतात. इथून उरण-पनवेलपर्यंत जा, तिकडे गिरणगावात जा, लाखो माणसं हेच बोलतात आणि कोणाचा कधी गैरसमज होत नाही. शाळेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहायची हे मान्य, तिथे मार्क जातात. पण पाचवीतल्या पोराला 'तुझ्या घरचे चुकीचं बोलतात' असं शिकवू नका प्लीज. मला शाळेत असंच सांगितलेलं आणि पुढे कितीतरी वर्ष मी वर्गात तोंड उघडायचोच नाही.

शिक्षिका_कळवा
मनीप्लांट, मी प्राथमिकला इंग्रजी शिकवते, माझी पद्धत सांगते. मुलांना आधी मराठी वाक्य भूतकाळात करायला लावते. 'आजी बोलली', पण 'आजीने सांगितलं'. बोलली म्हणताना 'ने' लागत नाही, सांगितलं म्हणताना लागतो. मुलांना हे कानाने लगेच कळतं, व्याकरणाचं नाव घ्यायचीही गरज पडत नाही. मग विचारायचं, आजीने सांगितलं, पण काय? गोष्ट, पत्ता, निरोप, नाव. आणि कोणाला? मला. टेल तसाच चालतो, त्याला कोणाला आणि काय ही दोन्ही माणसं शेजारी लागतात, टेल मी अ स्टोरी, टेल हिम युअर नेम. आता 'आजी बोलली', तर काय बोलली हे नाही सांगितलं तरी वाक्य पूर्ण आहे. टॉकचंही तेच, आजी टॉक्स. कोणाशी बोलली हे सांगायचं तर मराठीत 'शी' लागतो ना, माझ्याशी बोलली, तसा तिकडे टु किंवा विथ लागतो. कशाबद्दल बोलली, तर अबाउट. नुसतं 'टॉक्ड मी' म्हणजे 'मी-शी' मधला 'शी' गाळल्यासारखं.

से म्हणजे म्हणणे. जे शब्द तोंडातून बाहेर पडले ते जसेच्या तसे पुढे ठेवायचे असले की से. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं आणि पुढे त्यांचे शब्द येतात, 'तुका बोले' किंवा 'तुका सांगे' नाही येत. माझ्या वर्गातली मुलं ही खूण विसरत नाहीत. आणि 'सेड मी' लिहायचं नाही, 'सेड टु मी' लिहायचं.

स्पीक थोडा वेगळा आहे. भाषा म्हटली की स्पीक, ही स्पीक्स मराठी. टॉक्स मराठी नाही. आणि एकजण उभा राहून बोलतोय, बाकीचे ऐकतायत, तिथेही स्पीक. टॉकमध्ये समोरचाही बोलतो असं साधारण धरून चालायचं.

बोलघेवडी
वा बाई! हे मला शाळेत कोणी का नाही सांगितलं. 'ने'ची खूण आजच भाचीला सांगते.

गावदेवी_मैदान
पण शिक्षिकाताई, 'तो खोटं बोलला' याचं काय? इथे काय बोलला ते आहे, आणि 'ने' नाहीये. तुमच्या नियमाने टॉक्ड अ लाय व्हायला पाहिजे, आणि इंग्रजीत तर टोल्ड अ लाय म्हणतात. आणि 'आईने नवस बोलला होता' इथे बोलणे आहे तरी 'ने' आला.

शिक्षिका_कळवा
बरोबर पकडलंत. खोटं हा अपवाद आहे आणि तो मी सरळ पाठ करून घेते, टेल अ लाय, टेल द ट्रुथ, दोन्ही टेलचे. नवसाचं उदाहरण माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पण नवस देवाला केलेला एक करार असतो, तो इंग्रजीत नेताना टॉकही नाही आणि टेलही नाही, मेक येतो. पाचवीत नवसावर निबंध येत नाही त्यामुळे निभावतं. खूण म्हणजे काही कायदा नाही, मुलाला उभं राहायला आधार मिळाला की पुढचं वाचनातून येतं.

ऐरोली_नाइटशिफ्ट
माझा अनुभव कॉल सेंटरचा, ऐरोलीत बरीच वर्षं रात्रपाळी केली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात टॉक आणि स्पीक वेगळे करून दिले होते. फोन उचलल्यावर 'मे आय स्पीक टु' असं म्हणायचं, नाव घ्यायचं. 'आय वॉन्ट टु टॉक टु' हे चूक नाही पण कानाला अंगावर आल्यासारखं लागतं, कस्टमर चिडला की तोच म्हणायचा, आय वॉन्ट टु टॉक टु युअर सुपरवायझर. तिथे टोन कळायचा की प्रकरण तापलंय.

आणि टॉक टाइम हा शब्द आमच्याकडे पगाराशी जोडलेला. एका कॉलचा हिशोब तीन भागांत, कस्टमरशी प्रत्यक्ष बोलणं चालू असतं तो टॉक टाइम, त्याला थांबवून ठेवलं तो होल्ड, आणि फोन ठेवल्यावर सिस्टिममध्ये नोंदी करायच्या तो रॅपअप. तिन्ही मिळून सरासरी काढायची. म्हणजे बोलणं हे मिनिटात मोजायची वस्तू झाली. टॉक टाइम फार वाढला तर टीम लीडर विचारणार आणि फार कमी असला तरी विचारणार, कारण मग कस्टमरचं काम न करताच कटवला असं वाटतं. एखादी म्हातारी बाई तिकडून नुसतं बोलायला फोन करायची, प्रॉब्लेम काहीच नसायचा, तिला मधेच तोडायला जिवावर यायचं. तेव्हा मला कळलं की टॉक म्हणजे माहिती देणं-घेणं नाही, नुसतं दोघांनी बोलत असणं हे पण एक काम असतं.

जुनाठाणेकर
ऐरोली, छान लिहिलंत. पण टॉकटाइम हा शब्द आपल्याकडे त्याच्याही आधी रिचार्जच्या कूपनवर आला. 'फुल टॉकटाइम' असा बोर्ड पानवाल्याकडे लागायचा त्या दिवशी रांग असायची. एरवी शंभराचं कूपन खरवडलं की हातात कमीच यायचे.

कोपरखैरणे_७
हो हो! आणि मिस्ड कॉलची भाषा, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. २०१६ नंतर सगळं अनलिमिटेड झालं आणि टॉकटाइम शब्दच कोणाच्या तोंडी राहिला नाही. माझ्या मुलीला माहीतच नाही तो.

बोलघेवडी
ऑफिसातल्या एकाला बायकोचा मेसेज आला 'वुई नीड टु टॉक'. बिचारा ठाण्याला गाडीत बसला ते वाशी येईपर्यंत गप्प, घामाघूम. घरी गेला तर सोसायटीच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. 😄 हेच तिने मराठीत 'जरा बोलायचंय' असं लिहिलं असतं तर... नाही, तरी घाबरलाच असता.

गावदेवी_मैदान
बोलघेवडीच्या मेसेजवरून आठवलं, बोलणं आणि बोलणी यातला फरक इंग्रजीत टॉक आणि टॉक्स असा बरोब्बर बसतो. लग्नाची बोलणी, युनियनची बोलणी, जागावाटपाची बोलणी, सगळीकडे टॉक्स. 'टॉक्स फेल्ड' म्हणजे बोलणी फिसकटली. नुसत्या एका टॉकने काहीच ठरत नाही, अनेकवचन लागतं दोन्ही भाषांत. आणि 'बोलणी खाल्ली' म्हणजे ओरडा खाल्ला, त्यालाही इंग्रजीत टॉकचाच शब्द आहे, 'ही गॉट अ टॉकिंग-टु'. तिसरा म्हणजे उलट बोलणे, 'डोन्ट टॉक बॅक'. हा तर प्रत्येक इंग्रजी शाळेतल्या पोराला पहिलीतच पाठ होतो.

खाडीकाठ
आणि 'आई मला बोलली' याचा अर्थ आमच्याकडे दोन्ही होतो, सांगितलं पण आणि झापलं पण. आवाजावरून कळतं.

अक्षरवेल्हाळ
एक शंका. टॉकमधला एल कुठे जातो? माझे सासरे अजून 'टाल्क' म्हणतात आणि नातवंडं हसतात त्यांना. मला ते हसणं आवडत नाही.

शिक्षिका_कळवा
ए नंतर एल आणि त्याच्यापुढे के आला की इंग्रजीत एल बोलत नाहीत. टॉक, वॉक, चॉक, स्टॉक हे सगळे त्या घरातले, यातला स्टॉक म्हणजे झाडाचा देठ. ओनंतर पण तसंच, फोक, योक. पण मिल्क, सिल्क, बल्क यांत एल स्वच्छ ऐकू येतो. सासऱ्यांनी जे अक्षर दिसलं ते वाचलं, त्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे लिहिलेलं सगळं वाचायचं असतं, ती आपल्या लिपीची सवय आहे.

अक्षरवेल्हाळ
थँक्यू. आणि टाल्कम पावडरचा टाल्क?

गावदेवी_मैदान
तो वेगळा. टाल्क म्हणजे एक मऊ खनिज, शंखजिऱ्याचा दगड, त्याचं नाव अरबी-फारसीकडून युरोपात गेलं. त्याच्या शेवटी के नसून सी आहे आणि एल बोलतात. बोलण्याचा टॉक हा जुन्या इंग्रजीतल्या दोन टेलच्या, एक सांगणे आणि दुसरा कहाणी, यांच्याच कुळातला. शेवटचा 'क' हा शेपटासारखा लागलाय, तेच ते पुन्हा पुन्हा करणं दाखवायला. जसं हिअर म्हणजे ऐकणे वरून हार्क म्हणजे कान देऊन ऐकणे, स्टील म्हणजे चोरणे वरून स्टॉक म्हणजे दबा धरून मागावर जाणं. म्हणजे मनीप्लांटच्या मुलाने टॉक आणि टेल एकमेकांत मिसळले त्यात नवल नाही, मुळात ते सख्खे आहेत.

दर्यावर्दी (नेरूळ)
मी मर्चंट नेव्हीत, सध्या सुट्टीवर घरी. टॉकवरून एक सांगतो. पापुआ न्यू गिनीला लाए म्हणून बंदर आहे, तिकडे आमचं जहाज लागायचं. तिथल्या लोकांची सगळ्यांना समजणारी भाषा तिचं नावच 'टोक पिसिन', टोक म्हणजे आपला इंग्रजी टॉक. त्या देशात ८०० च्या वर भाषा आहेत, एका खोऱ्यातल्या माणसाची भाषा शेजारच्या खोऱ्यातल्याला कळत नाही, मग मळ्यांवर कामाला एकत्र आल्यावर इंग्रजीचे शब्द घेऊन आपल्या पद्धतीने वाक्यं करत ही तयार झाली आणि आज ती तिथली एक अधिकृत भाषा आहे, संसदेत बोलतात. त्यांच्यात टोक हे क्रियापद पण आहे आणि नाम पण आहे, शब्द, बोली, निरोप सगळं टोक. आपल्या गावच्या मूळ भाषेला ते 'टोक प्लेस' म्हणतात, जागेची बोली. धक्क्यावरचे लोक आम्हाला विचारायचे की तुमची टोक प्लेस कुठली, मी सांगायचो मराठी.

खाडीकाठशी मी म्हणून सहमत आहे. गोऱ्या लोकांनी पण त्या भाषेला मोडकं इंग्रजी म्हणून हिणवलेलं, ती मोडकी नव्हती, तिचे स्वतःचे नियम होते.

जुनाठाणेकर
दर्यावर्दी, माहिती उत्तम. तरी माझा मुद्दा कायम. बोलींचा मान ठेवूच, पण मुलगा लिहायला शिकतोय. 'म्हणाले' आणि 'सांगितलं' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर नसतील तर त्याच्याकडे तीनऐवजी एकच शब्द उरेल. मला त्या दोन शब्दांची काळजी वाटते, खाडीकाठच्या घराबद्दल काही तक्रार नाही.

खाडीकाठ
हे असं सांगितलंत तर पटतं काका. शब्द वाढू देत. फक्त 'सदोष' नको.

वागळे_इस्टेट
कोणी टॉकीजबद्दल कसं बोललं नाही अजून? ठाण्यात टॉक हा शब्द सगळ्यात जास्त कुठे ऐकला असेल तर रिक्षा स्टँडवर. अशोक टॉकीज, गणेश टॉकीज, वंदना टॉकीज. त्यातला वंदना एसटी डेपोच्या नावात जाऊन बसला. माझ्या आईला मल्टिप्लेक्सला पण टॉकीजच म्हणायचं असतं.

जुनाठाणेकर
वागळे, हा शब्द आपण नीट जपलाय. तिकडे 'टॉकी' म्हणजे बोलणारा चित्रपट, आपल्याकडे त्याला बोलपट हा सुरेख शब्द झाला, मूकपटाच्या जोडीला. पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकमध्ये लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, प्रभातने मराठी बोलपट आणला. इंग्रजीत 'टॉकी' शब्द नंतर मागे पडला, कारण सगळेच चित्रपट बोलू लागले, वेगळं सांगायची गरज राहिली नाही. आपल्याकडे मात्र तो चित्रपटावरून उठून इमारतीला चिकटला आणि एकवचनातही टॉकीजच राहिला.

कोपरखैरणे_७
आमच्याकडे नवी मुंबईत टॉकीज नाही, सेक्टर आहेत. 😀

ऐरोली_नाइटशिफ्ट
मूळ प्रश्नाकडे येऊ का जरा? शिक्षिकाताईंच्या नियमात एक गोष्ट वाढवायला हवी, नाहीतर मुलगा दोन वर्षांनी परत अडेल. 'टॉक्ड मी' इंग्रजीत येतं, पण त्याच्या मागोमाग अजून काहीतरी असावं लागतं. 'शी टॉक्ड मी इनटु बाइंग इट', म्हणजे तिने बोलून बोलून मला ते घ्यायला लावलं. 'ही टॉक्ड मी आउट ऑफ इट', म्हणजे माझं मन वळवून त्यातून बाहेर काढलं. आणि आमच्या कामात रोज लागणारं, 'आय विल टॉक यू थ्रू इट', एकेक पायरी सांगत हाताला धरून नेतो. यात बोलण्याने समोरच्या माणसावर काहीतरी झालंय, तो हललाय. म्हणून तिथे टु ची गरज नाही. मला टॉकचे सगळ्यात आवडते उपयोग हेच, कारण बोलण्याची खरी ताकद यात दिसते. मॉडेम बंद पडलेल्या माणसाला फोनवर टॉक थ्रू करत शेवटी हिरवा दिवा लागला की तो तिकडे ओरडायचा आनंदाने.

बोलघेवडी
'ऑल टॉक' पण घ्या, नुसत्याच गप्पा, करणार काही नाही. बोलाचीच कढी बोलाचाच भात.

गावदेवी_मैदान
आणि त्याच्या उलट 'वॉक द टॉक', बोले तैसा चाले. यात चालणं दोन्ही भाषांत आलंय बघा, कोणी कोणाकडून घेतलेलं नसताना.

अक्षरवेल्हाळ
'टॉक शॉप' हे मला लग्नानंतर कळलं. नवरा आणि त्याचे मित्र जमले की फक्त कामाच्याच गोष्टी, तेव्हा एकाची बायको म्हणाली 'नो टॉकिंग शॉप अॅट डिनर'. मी बघत राहिले, दुकान कोणाचं?

मनीप्लांट (नौपाडा)
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी शिक्षिकाताईंची पद्धत वापरली. आधी त्याच्याकडून मराठी वाक्यं करून घेतली, आजी बोलली, आजीने सांगितलं, आजी म्हणाली. मग त्याला विचारलं, 'माय आजी' नंतर काय येईल? त्याने स्वतःहून 'टोल्ड मी अ स्टोरी' लिहिलं आणि खाली स्वतःच एक वाढवलं, 'माय आजी टॉक्स टु द टीव्ही'. जे अगदी खरं आहे, मालिका बघताना त्या बोलत असतात टीव्हीशी. मी त्याला विचारलं की टु का घातलास, तर म्हणतो टीव्हीशी ना, 'शी' आहे. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

खाडीकाठ, तुमचं पण त्याला सांगितलं. सर बोलले असं घरात बोलायला हरकत नाही, वहीत 'म्हणाले' लिहायचं, आणि तुझ्या वर्गात जे असं बोलतात त्यांना हसायचं नाही. जुनाठाणेकरांची काळजीही मला पटते, म्हणून रोज रात्री शाळेतली एक गोष्ट तो तिन्ही शब्द वापरून सांगेल असं ठरवलंय.

आता नवीन प्रश्न आलाय त्याच्याकडून. 'टॉक अबाउट' बरोबर तर 'डिस्कस अबाउट' का नाही? मी आयुष्यभर तेच ऐकत आलेय ऑफिसात.

ऐरोली_नाइटशिफ्ट
डिस्कसच्या पोटात 'च्याबद्दल' आधीच आहे, परत अबाउट लावायची गरज नाही. वुई डिस्कस्ड द प्लॅन, वुई टॉक्ड अबाउट द प्लॅन. पण नाम केलं की मात्र लागतं, अ डिस्कशन अबाउट द प्लॅन, म्हणूनच सगळ्यांचा गोंधळ होतो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक ट्रिक दिलेली, डिस्कसच्या जागी मराठीत 'चर्चिणे' ठेवून बघायचं. प्लॅन चर्चिला. 'प्लॅनबद्दल चर्चिला' असं कोणी म्हणत नाही.

जुनाठाणेकर
'चर्चिणे' हे क्रियापद कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये वापरलं जातं हे वाचून मनापासून बरं वाटलं.

वागळे_इस्टेट
मनीप्लांट, आजींना आमचा नमस्कार सांगा. टीव्हीशी बोलणाऱ्या आमच्याकडे पण आहेत, आणि व्हिलनला तर त्या चांगली बोलणी देतात.